ठोक्यालाही ऐकू यायला हवं

मिनिटाला १२० ठोके म्हणजे सेकंदाला दोन. चार ठोक्यांचा एक बार दोन सेकंदांचा, आणि सोळा बार बत्तीस सेकंदांचे. हाउस किंवा टेक्नो या यंत्रांवरच्या नाचाच्या संगीतावर पाय हलवणाऱ्या माणसाने हे गणित कधी मांडलेलं नसतं, पण पायांना ते पाठ असतं. सोळा बार भरेपर्यंत मोठं काही बदलत नाही, भरले की काहीतरी येतं किंवा काहीतरी जातं. मुक्त वादन, म्हणजे आधी काहीच न ठरवता वादन, करणाऱ्यांसाठी मात्र बत्तीस सेकंद हा फार मोठा काळ आहे. तेवढ्या वेळात आम्ही एखादा आवाज शोधतो, टाकून देतो, समोरच्याचा उचलतो, थांबतो आणि भलत्याच वाटेने निघून जातो. हे दोन स्वभाव एका मंचावर आणले तर कुणी कुणासाठी काय सोडायचं, या एका प्रश्नात माझी गेली काही वर्षं गेली आहेत. मी क्लॅरिनेट वाजवते. माझा जोडीदार ड्रम मशीन आणि सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, वाजवतो.

मी शिकले गिरगावातल्या एका ब्रास बँडच्या मास्तरांकडे. लग्नाच्या वराती, गणपती, जयंत्या, जिथे बोलावणं येईल तिथे त्यांचा बँड जायचा. मास्तर क्लॅरिनेटवर नाट्यपद काढायला लागले की वरात रस्त्यात खोळंबायची आणि नवरदेवाचे काका घड्याळ दाखवत फिरायचे. मास्तरांनी माझ्याकडून दोन गोष्टी घोटून घेतल्या, लांब सूर आणि सम, म्हणजे तालाचं आवर्तन जिथे सुरू होतं तो ठोका. मध्ये काय वाटेल ते कर, समेवर भेट, एवढंच ते म्हणायचे.

पुढे लंडनला शिकायला गेले आणि तिथे मुक्त वादनाच्या नादी लागले. एडी प्रेव्हो या तालवादकाने १९९९ मध्ये तिथे शुक्रवार संध्याकाळची कार्यशाळा सुरू केली. आपलं वाद्य घेऊन जायचं आणि जे भेटतील त्यांच्याबरोबर वाजवायचं. आधी चर्चा नाही, सूर ठरलेला नाही, ताल ठरलेला नाही. १९६५ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या एएमएम या गटाचे ते एक संस्थापक, आणि त्या गटाचीही रीत हीच.

आपल्याकडे हे सांगितलं की लगेच कुणीतरी म्हणतं, अहो, आपलं संगीत तर सगळं उत्स्फूर्तच आहे. आहेच. पण ख्याल गाणाऱ्याच्या हाताशी रागाचं चलन असतं, वर्ज्य स्वर असतात, ताल असतो, घराण्याची वळणं असतात. मुक्त वादनात हे सगळं दाराबाहेर ठेवायचं असतं. मग उरतो तो नुसता आवाज: श्वास, रीडची किरकिर, बोटांखाली चाव्यांची टकटक, एकाच फुंकरीतून एकमेकांना घासत निघणारे दोन सूर. आणि उरतं ऐकणं. सुरुवातीला मला फार उघडं वाटायचं. मग त्या उघडेपणाचीच इतकी गोडी लागली की पुण्याला परत आल्यावर वाजवायला माणसं मिळेनात तेव्हा जीव कासावीस व्हायचा.

माणूस मिळाला तो भलत्याच गावचा. गोव्यातल्या फोंड्याचा मुलगा, दिवसा साउंडची कामं करणारा, रात्री कोथरूडच्या खोलीत खिडकीला गाद्या लावून हाउस आणि टेक्नो करणारा. माझं एक वादन ऐकायला आला होता. नंतर म्हणाला, “ताई, माझ्या ट्रॅकवर वाजवाल का?”

मी म्हटलं, “ट्रॅकवर नको. तू समोर बसून वाजव, मी वाजवते.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “चालेल. पण किक मी बंद करणार नाही.”

किक म्हणजे दर ठोक्याला पडणारा ड्रमचा खालचा, जड आवाज. आमचं पुढचं सगळं काम या दोन वाक्यांमधल्या जागेत झालं आहे.

ट्रॅकला मी नाही म्हटलं, त्याला कारण होतं. तयार ठोक्यावर कुणी सॅक्सोफोन, कुणी बासरी, कुणी सतार वाजवली की काय होतं ते गोव्यापासून बंगळुरूपर्यंत ऐकायला मिळतं. ठोका आपल्या वाटेने चालतो आणि वादक त्याला लटकून. वादक बरा असला तरी त्याने काहीही केलं तरी ठोक्याला काडीचा फरक पडत नाही, हे दोन मिनिटांत कळतं, आणि एकदा कळलं की कान तिथून उठून जातो. लंडनचे गिटारवादक डेरेक बेली यांचा या बाबतीतला प्रयोग मी पुन्हा पुन्हा ऐकला आहे. मुक्त वादनाच्या जगातलं हे सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. हॅकनीतल्या आपल्या घरी ते रेडिओवर चोरून चालणाऱ्या स्टेशनांवरचं जंगल संगीत लावायचे आणि त्याच्या सोबतीने रियाज करायचे. जंगल म्हणजे तुकडे केलेल्या ड्रम्सचं, मिनिटाला १६०-१७० ठोक्यांचं धावतं संगीत. त्यातून १९९६ मध्ये डीजे निंजच्या ठोक्यांवर त्यांच्या गिटारची रेकॉर्ड आली. ती मला अतिशय आवडते. साठी ओलांडलेला माणूस त्या वेगाच्या अंगावर धावून जातो आणि एक सूरही गुळगुळीत होऊ देत नाही. पण तिथेही ठोके आधी झालेले आहेत. बेली त्यांना ऐकतात, ते बेलींना ऐकत नाहीत. बेलींसारखा वादक असेल तर या एकतर्फी व्यवहारातही ठिणग्या पडतात. मला व्यवहार दोन्ही बाजूंनी हवा होता.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रं घेऊन, टीबी-३०३ ही बेसलाइनची, म्हणजे खालच्या सुरांच्या ओळीची, पेटी, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथ, दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. शिकागोत त्याच टीबी-३०३ मधून ॲसिड हाउस ही हाउसची एक शाखा निघाली ती पुढे १९८७ च्या सुमारास. २०१० मध्ये ही रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, इतका दोन्हींचा आवाज जवळचा. माझ्या जोडीदाराला त्यातला ॲसिड भावतो. मला भावतं ते वेगळं. यंत्राचा ठोका जराही न हलता चालू आहे आणि वर रागाची बढत आपल्या सावकाश गतीने होते आहे. माणसाला घाई नाही. एका स्वराभोवती तो बराच काळ राहतो. इलेक्ट्रॉनिक ठोक्यावर टिकून राहणं म्हणजे काय, हे मी प्रथम तिथे ऐकलं.

आम्ही सुरुवात केली ती त्याच्या घरच्या संगीतापासून. गोवा ट्रान्स त्याने लहानपणापासून ऐकलेलं, वेग १४० च्या पुढे. त्यात किक पडते आणि दोन किकच्या मधल्या तिन्ही बारीक जागा बेसलाइन भरून टाकते. त्या भिंतीत खिळा मारायलाही जागा नसते. मी वर लांब सूर धरला तर तो सजावट होऊन बसे. तुकड्या-तुकड्याने वाजवलं तर कुणाला ऐकू जात नसे. थोड्या दिवसांत त्यानेच वेग उतरवला, १२० वर आणला आणि बेसलाइन विरळ केली. “श्वास घ्यायला जागा पाहिजे ना,” एवढंच म्हणाला. त्याच्या श्वासाबद्दल बोलत होता की माझ्या, मी विचारलं नाही.

तिथे मला लंडनमध्ये ऐकलेला एक भेद कामाला आला. सॅक्सोफोनवादक इव्हान पार्कर यांनी मुक्त वादनाच्या दोन तऱ्हा सांगितल्या आहेत. एक कणांची: छोटे, तुटक, झपाट्याने बदलणारे आवाज, एकाने टाकला की दुसऱ्याने उचलला. साठच्या दशकात जॉन स्टीव्हन्स यांच्या गटाने ही तऱ्हा घडवली. दुसरी थरांची: एकावर एक पसरत जाणारे लांब आवाज, ज्यात कोण काय वाजवतंय हे लवकर कळतही नाही. ती एएमएमची. मुक्त वादन आणि नाचाचं संगीत यांचं जमत नाही असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा पहिली तऱ्हा असते. सरळ चार किकचं संगीत मुळात थरांचंच असतं. किकचा थर, हाय-हॅटच्या झांजेचा थर, बेसचा, वर एखाद्या सिंथचा, आणि वादकाचं कसब थर कधी चढवायचा नि कधी काढायचा यात. थरांनी वाजवणारा मुक्त वादक या घरात पाहुणा राहत नाही.

जंगलचं उलट. तिथला ड्रमच मुळात कापलेला. १९६९ सालच्या एका सोल रेकॉर्डमधले सहा-सात सेकंदांचे ड्रम उचलून, चिरून, उलटेपालटे जोडून त्यावर एक अख्खी शैली उभी राहिली. तिथे कणांचं वादन माशासारखं पोहतं, आणि बेलींना ते घरबसल्या रेडिओवर कळलं होतं. आम्ही १६५ वरही वाजवून पाहतो. तिथे माझी जीभ, चाव्यांचे आवाज, तुटक फुंकरी, सगळं उपयोगी पडतं. पण थोड्या वेळाने माझी दमछाक होते, आणि खरं सांगायचं तर माझं मन १२० वरच्या थरांत जास्त रमतं.

थर म्हटलं की लांब वाजवणं आलं. बत्तीस सेकंद एकाच आवाजात राहायचं, आणि तेही निर्जीव न होऊ देता. मी नाकाने श्वास घेत गालातली हवा ढकलत राहण्याचं तंत्र नव्याने घोटलं. पार्कर सोप्रानो सॅक्सोफोनवर याच तंत्राने अखंड वाजवतात, आणि ऐकणाऱ्याला तीन-चार वाद्यं चालू असल्याचा भास होतो. क्लॅरिनेटवर ते मला अवघड जातं. खालच्या सप्तकात मात्र जमतं. मास्तरांचे लांब सूर इतक्या वर्षांनी असे परत कामाला आले.

आता यंत्राच्या कानांबद्दल. हा आमच्या कामाचा गाभा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

नाचाच्या संगीतात साइडचेन नावाची एक जुनी युक्ती आहे. किक पडली की दुसरा एखादा आवाज क्षणभर खाली दबतो आणि किक संपली की वर येतो. त्यामुळे किकला जागा मिळते आणि वरचा आवाज श्वास घेतल्यासारखा धपापतो. जोडीदाराने माझ्या क्लॅरिनेटला हे लावलं. मी एक लांब, सपाट, तालाशी काही देणंघेणं नसलेला सूर धरलेला, आणि स्पीकरमधून तो सेकंदाला दोनदा उसळत बाहेर येतो आहे. पायाखालची फरशी हलल्यासारखं वाटलं. मी तालात वाजवत नव्हते, तरी तालात ऐकू येत होते. आणि मग त्याने ते बटण हळूहळू उलट फिरवलं. उसळणं कमी होत गेलं, सूर पुन्हा सपाट झाला, आणि किक चालू असूनही क्लॅरिनेट तिच्या कह्यातून सुटलं. एका बटणावर मुक्त आणि बांधलेलं यांच्या मधला सगळा प्रदेश होता. त्या संध्याकाळी आम्ही दुसरं काहीच केलं नाही, ते एक बटण वाजवत बसलो.

हे झालं किकने माझ्यावर काय करायचं ते. माझं किकच्या घराण्यावर काय चालणार? त्यासाठी त्याने उलटा रस्ता बांधला. माझ्या आवाजाची ताकद मोजणारं एक साधन, त्याला एन्व्हलप फॉलोअर म्हणतात, त्याने बेसलाइनच्या फिल्टरला जोडलं. मी जोरात फुंकलं की बेस उघडतो, उजळ आणि दातेरी होतो. मी सूर सोडला की तो मिटून नुसती खालची गुरगुर उरते. म्हणजे सूर बदलला नाही, लय बदलली नाही, पण माझा श्वास त्याच्या बेसमधून ऐकू यायला लागला.

पहिल्या दिवसापासून एक अडचण होती. मॉनिटरमधली, म्हणजे आमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधली, किक माझ्या माईकमध्ये शिरे आणि तीच बेसचा फिल्टर उघडे. मग यंत्र स्वतःलाच ऐकत बसे आणि मी वाजवो न वाजवो, बेस आपला धडधडत. उपाय क्लॅरिनेटनेच दिला. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा सूर सुमारे १४७ हर्ट्झचा. किकचा मूळ गाभा असतो ५०-६० च्या आसपास. मधली जागा मोकळी. मोजणाऱ्या साधनाच्या आधी १४० च्या खालचं सगळं कापलं आणि माईकऐवजी वाद्याच्या बॅरलमध्ये, म्हणजे मुखाजवळच्या जोडात, बसून आतलाच आवाज पकडणारा पिकअप घेतला. तेव्हापासून यंत्र फक्त मला ऐकतं.

तिसरा भाग त्याच्या हातांचा. तो एलेक्ट्रॉनचं डिजिटॅक्ट हे ड्रम मशीन वापरतो, त्यात आवाजाचे आठ ट्रॅक आणि प्रत्येकाची लांबी वेगळी ठेवता येते. किक सोळा पायऱ्यांची, म्हणजे एका बाराची, आणि तिच्या जोडीला एखादा घुंगरासारखा आवाज तेरा पायऱ्यांचा. दोघं एकत्र निघतात, लगेच फाटतात, आणि पुन्हा एकत्र येतात ते २०८ पायऱ्यांनी, म्हणजे तेरा बारांनी. १२० च्या वेगात सव्वीस सेकंद. मला हे समजावून सांगायची गरज पडली नाही. तेरावा बार संपत आला की माझं अंग आपोआप समेकडे झुकायचं. तो चकित होऊन विचारायचा, “ताई, तुम्हाला कसं कळतं? मी स्क्रीन बघतोय तरी चुकतो.”

मी त्याला तबल्याचा स्वतंत्र वादनाचा कार्यक्रम ऐकायला घेऊन गेले, आणि सांगितलं की तबलजीकडे लक्ष देऊ नकोस, पेटीवर लेहरा धरणाऱ्याकडे दे. एकच धून, तासभर. सगळी सभा तबल्याला दाद देते, आणि तबलजी इतका दूर जाऊ शकतो तो कुणीतरी समेची जागा दाखवत बसला आहे म्हणून. पण चांगला लेहरेवाला यंत्र नसतो. तबलजी कायद्यात, म्हणजे एका बोलाच्या विस्तारात, शिरला की तो अंग चोरतो, लय कणभर चढली तर तिच्याबरोबर चढतो, तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा, येते आहे हे आधी ओळखून सम भरदार करतो. बाहेर आल्यावर रस्त्यावरच तो म्हणाला, “म्हणजे किक बंद करायची नाही हे बरोबर होतं. पण किकने ऐकायला हवं.”

त्यानंतर आमचं ठरलं ते एवढंच: वेग आणि खालची बाजू ठरलेली, बाकी काहीही नाही. कुठला सूर, किती वेळ, कोण आधी, कधी संपवायचं, काही नाही. आणि खालची बाजूही त्याच्या हातात जिवंत. किकचा आवाज मी काय वाजवते त्यावर तो जाड-बारीक करतो, एखादी किक गाळतो, सोळा बार भरले म्हणून काहीतरी आणलंच पाहिजे असं मानत नाही. मीही त्याच्याकडून शिकते आहे. मुक्त वादनात आम्ही पुनरावृत्तीला भितो. तेच परत वाजवलं की सुचत नाही म्हणून वाजवलं असं वाटतं. त्याच्याबरोबर वाजवून मला कळलं की तोच आवाज विसाव्यांदा ऐकणारा माणूस पहिल्यांदा ऐकणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. आवाज तोच राहतो आणि ऐकणारा सरकतो. हे शरीराने नाचताना जितकं स्वच्छ कळतं तितकं खुर्चीत बसून कळत नाही.

पुण्यात आम्ही छोट्या खोल्यांत वाजवलं, लोक मांडी घालून बसले, नीट ऐकलं, टाळ्या वाजवल्या. मला ते पुरेना. नाचाचं संगीत बसून ऐकवणं म्हणजे त्याचा निम्मा भाग कापून टाकणं. हणजुण्याच्या बाजूला एका ठिकाणी संध्याकाळचा कार्यक्रम मिळाला तेव्हा मी हातातली सगळी कामं बाजूला ठेवली.

गोव्यात उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही, देशभर लागू असलेल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार दहा ते सहा बंदी. त्यामुळे उघड्यावरच्या पार्ट्या दुपारीच सुरू होतात. आम्हाला सूर्य बुडतानाची वेळ मिळाली होती. समुद्राच्या हवेने माझी रीड फुगलेली, सूर जड. साउंडवाल्या दादाने क्लॅरिनेट बघितलं आणि विचारलं, “जॅझ आहे काय?” जोडीदार म्हणाला, “आहे ते आहे, गेन जरा दे.”

पहिली दहा-पंधरा मिनिटं लोक नुसते उभे होते. किक चालू, वर माझे थर, काही पाय हलत होते, बरेचसे नाहीत. मग तेरा पायऱ्यांचं घुंगरू सुरू झालं आणि पुढची पाच-सहा माणसं त्यात सापडली. एक बाई अगदी समोर, डोळे मिटून, त्या तेराव्या बाराच्या समेवर मान टाकत होती. तिला मोजायला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्याकडे बघून मी दोन सूर एकत्र निघतील अशी फुंकर धरली, खरखरीत, आतून थरथरणारी, आणि जोडीदाराने किक काढली.

नाचाच्या संगीतात किक काढणं नवीन नाही. ती आठ किंवा सोळा बारांनी परत येते हे सगळ्यांना माहीत असतं, आणि त्या वाट बघण्यातच मजा असते. तो परत आणेना. सोळा बार गेले. मी फुंकर सोडली नाही, नाकाने श्वास घेत राहिले. साइडचेन नाही, उसळी नाही, सपाट, घासणारा, कुठल्याही तालात नसलेला आवाज, शे-दीडशे माणसांसमोर. मुक्त वादनाचा हा असा तुकडा कुणी तिकीट काढून ऐकायला येतं तेव्हाही अर्धे लोक चुळबुळतात. इथे समोरच्यांनी टाळ्या धरल्या. ठोका गेला होता तो त्यांनी हातात घेतला. पुढच्यांच्या टाळीत मागच्यांची मिसळली, थोडी मागे पडत, कारण दहा मीटरवरची टाळी मंचापर्यंत यायला २९ मिलिसेकंद घेते आणि मागच्या रांगा त्याहूनही लांब होत्या. त्यामुळे टाळी एक न राहता जाडजूड, पसरलेली झाली. आणि ती चढायला लागली. माणसांची टाळी चढतेच.

मी जोडीदाराकडे पाहिलं. त्याचं बोट मशीनवर होतं. टॅप करून वेग धरायची सोय असते, तो पुढच्या रांगेच्या टाळीवर टॅप करत होता. १२१, १२२, १२४. मी फुंकरीतला वरचा सूर सोडला, खालचा ठेवला आणि मास्तरांनी शिकवलेली अगदी साधी तिहाई टाकली. तिसऱ्या वेळेला किक आली, लोकांच्या वेगात.

पुढचा पाऊण तास कसा गेला त्याचं सलग वर्णन मला करता येणार नाही. इतकं आठवतं की मी सूर बदलत नव्हते तेव्हा लोक जास्त नाचत होते, आणि मी एकदम तुटक, वेडंवाकडं काही काढलं तेव्हा नाच थांबला नाही, त्याचा आकार बदलला. हात वर गेले, कुणी गिरक्या घ्यायला लागलं. कणांच्या वादनाला शरीर कणांनी उत्तर देत होतं. जे उत्तर लंडनमध्ये मला दुसऱ्या वादकाकडून मिळायचं, ते इथे पायांतून येत होतं, आणि मी त्यावर पुढचं ठरवत होते. दहाच्या आधी थांबलो. त्या बाई पाणी पीत उभ्या होत्या, म्हणाल्या, “मध्ये तुम्ही सोडून दिलं होतं ना आम्हाला, ते फार छान होतं.”

तेव्हापासून ‘वेग ठरलेला’ हा आमचा अर्धा नियमही गळाला. आता वेग त्याच्या एका बटणावर आहे आणि ते बटण माझ्याकडे, लोकांकडे, दोघांकडे बघून फिरतं. दोन-तीन ठोक्यांचा फरक पुरतो. पायांना कळतं, कानांना कळत नाही. त्याला याची भीती वाटायची, कारण डीजेंच्या जगात वेग हलला की हात सुटला असं समजतात. आता तो बिनधास्त हलवतो.

सध्या आम्ही एका ताशावाल्याबरोबर बसतो आहोत. पुण्याच्या पथकांत बरीच वर्षं वाजवलेला मुलगा, मनगट असं की ऐकत राहावं. मिरवणुकीत ढोल ठेका धरून ठेवतात आणि ताशा वर बोलतो, त्यामुळे आमच्या कामातलं त्याला काही नवीन वाटत नाही. अडचण तांत्रिक आहे. ताशाचा आवाज सगळाच्या सगळा १४० हर्ट्झच्या वर, त्यामुळे आमची चाळणी त्याला अडवत नाही. तो बारीक वाजवतो तेव्हासुद्धा माझ्या बॅरलमधल्या पिकअपमध्ये शिरतो आणि बेसचा फिल्टर त्याच्या हातावर उघडतो. जोडीदार ताशाच्या कडेला वेगळा पिकअप चिकटवून, त्यातला आवाज माझ्या रस्त्यातून वजा करून बघतो आहे. निम्मं जमलंय.

ताशावाला दोन बैठका हे सगळं बघत होता. परवा म्हणाला, “ताई, एवढं कशाला? ठेका मी धरतो. मशीनला बोलू द्या वर.”

पुढच्या बैठकीत किक बंद ठेवून तसंच वाजवायचं ठरलं आहे. जोडीदाराने हो म्हणायला जरा वेळ घेतला, पण हो म्हणाला.